बारा भरलेला, सात कोरा

निसर्गचित्रकार आणि गोल्फ खेळणारा माणूस या दोघांना जमीन पारखायला एकाच गुरुजींनी शिकवलं असावं, अशी शंका मला बरेच दिवस आहे. दोघांनाही नेमकी तीच जमीन भावते, जी शेतकऱ्याने कपाळाला आठ्या घालून सोडून दिलेली असते. उंचसखल, वाळूची, खुरट्या झुडपांची, वाऱ्याने सतत सोलून काढलेली. अशा जमिनीवर कर्ज मागायला गेलात तर सोसायटीचा सचिव चहासुद्धा विचारणार नाही. पण चित्रकार घडीचं स्टूल, छत्री आणि रंगाची पेटी घेऊन तिथे पोचतो आणि म्हणतो, ‘काय उजेड आहे!’ पाठोपाठ गोल्फवाला काठ्यांची पिशवी घेऊन येतो आणि म्हणतो, ‘काय उतार आहेत!’ गुरं वळणारा एखादा म्हातारा तेवढा लांबून दोघांकडे पाहत असतो. त्याला उजेड आणि उतार दोन्ही रोजचेच.

दोघांच्या सवयीही जुळतात. दिवसभर उन्हात, डोक्यावर घरच्यांना न आवडणारी टोपी. दोघंही वाऱ्याला शिव्या देतात आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोघंही पूर्ण खरं सांगत नाहीत. चित्रकाराने नको असलेलं झाड गाळलेलं असतं, गोल्फवाल्याने नको असलेला फटका. फरक एवढाच की चित्रकार सामान आवरून उठला की जमीन होती तशी मागे राहते. गोल्फवाला येतो तो राहायलाच येतो. त्यामुळे क्रम बहुधा ठरलेला: आधी छत्री, मग झेंडी. आणि त्या माळाचं पूर्वीचं रूप कुणाला पाहायचं असेल, तर तिकीट काढून शहरातल्या संग्रहालयात जायचं. माळ तिथे सोनेरी चौकटीत भिंतीवर टांगलेला असतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेला लाँग आयलंड नावाचं लांबलचक बेट समुद्रात घुसलंय. त्याच्या पूर्व टोकाकडे साउदॅम्प्टन गाव आणि गावाच्या पश्चिमेला शिनकॉकच्या टेकड्या. टेकड्या म्हणायचं आपलं, सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने त्यांना उंचवटे म्हटलं तरी चालेल. हिमयुगातल्या बर्फाने ढकलत आणून टाकलेली रेती आणि गोटे, त्यावर वारा आणि मेंढ्या यांनी मिळून केलेली हजामत. झाड म्हणून औषधाला नाही. गवत, बेबेरीची कंबरभर झुडपं आणि मध्येच वाळू उघडी पडलेली. दोन्ही बाजूंना पाणी, म्हणून उजेड वरून पडतो तसा बाजूंनीही उसळतो.

१८९१ च्या उन्हाळ्यात या टेकड्यांवर विल्यम मेरिट चेस हा चित्रकार दाखल झाला. चेस म्हणजे न्यूयॉर्कच्या कलाजगातली मोठी असामी. कोटाला फूल, नाकावर रिबिनीचा चष्मा, फिरायला निघाला की बरोबर रशियन जातीचा उंच शिकारी कुत्रा. असा माणूस वाळूच्या टेकडीवर कसा आला? तर साउदॅम्प्टनला उन्हाळ्यात राहायला येणाऱ्या श्रीमंत मंडळींना वाटलं, आपल्याकडे समुद्र आहे, बंगले आहेत, आता चित्रकलेची शाळाही हवी. मिसेस हॉइट नावाच्या हौशी बाईंनी पुढाकार घेतला आणि उघड्यावर बसून चित्रं काढायला शिकवणारी शाळा निघाली. ती १९०२ पर्यंत दर उन्हाळ्यात भरत राहिली. विद्यार्थी शंभरच्या आसपास, त्यांत बायका जास्त. दर सोमवारी आठवड्याभराची चित्रं मांडायची आणि चेसने सर्वांसमोर एकेकाची झडती घ्यायची. शंभर माणसं, शंभर छत्र्या आणि टेकडी मोजून एक. एकमेकांच्या चित्रात न येता ती कुठे बसत असतील, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आता गंमत पाहा. त्याच १८९१ साली, त्याच टेकड्यांवर, त्याच वर्तुळातल्या मंडळींनी शिनकॉक हिल्स गोल्फ क्लब काढला. आदल्या हिवाळ्यात विल्यम व्हँडरबिल्ट आणि त्यांच्या दोस्तांनी फ्रान्समध्ये बियारित्झला विली डन नावाच्या स्कॉटिश खेळाडूचे फटके पाहिले होते आणि ते वेड घेऊनच मंडळी परतली. माँट्रियलहून विली डेव्हिस नावाचा जाणकार बोलावला गेला. त्याने माळ पाहिला, बारा होल आखले आणि दीडशेच्या आसपास मजुरांनी झुडपं तोडून, दगड वेचून मैदान तयार केलं. हे मजूर शिनकॉक जमातीचे. टेकड्यांना नाव त्यांच्यावरूनच पडलेलं. पुढल्याच वर्षी टेकडीवर क्लबहाउस उभं राहिलं. वास्तुरचना मॅकिम, मीड अँड व्हाइट या नामवंत कंपनीची. चेसचं टेकडीवरचं घरही याच कंपनीचं. एकाच नकाशाच्या कागदावर दोन्ही कामं झाली असतील का, हा विचार मनात येतो आणि मी तो दाबून टाकतो.

सॅम्युअल पॅरिश नावाचे एक वकील तर दोन्हीकडे. गोल्फ क्लबच्या संस्थापकांत ते आणि चित्रशाळेच्या पाठीराख्यांतही ते. वर त्यांनी साउदॅम्प्टनला एक कलासंग्रहालय काढलं. आज चेसची चित्रं भरपूर संख्येने पाहायची असतील, तर पॅरिश संग्रहालयाशिवाय दुसरीकडे जायला नको. म्हणजे माळाचं मैदान करणारा आणि माळाचं चित्र जपणारा गृहस्थ एकच. आपल्याकडेही असे लोक आहेत. देवराईची वाट रुंद करतात आणि देवराईवरच्या पुस्तकाला देणगीही देतात. त्यांना दुटप्पी म्हणायची घाई मी करणार नाही. पुस्तक निघतं ते त्यांच्याच पैशावर.

चेसचं ‘द बेबेरी बुश’ हे साधारण १८९५ चं चित्र जरा जवळून बघू. पुढे झुडूप आहे आणि चित्राचं नायकपण सरळ त्याच्याकडे दिलंय. आजवर ज्याच्याकडे सरपण म्हणूनही कुणी नीट पाहिलं नसेल, त्या झुडपाचं पान न् पान वेगळ्या हिरव्यात, करड्यात, कुठे तांबूस डागात रंगवलंय. त्या झुडपांत चेसच्या मुली. पांढरे फ्रॉक, उन्हात इतके पांढरे की डोळे बारीक करावेत. मागे, टेकडीच्या माथ्यावर, त्याचं घर. घर आणि मुली यांच्यामध्ये जो पट्टा आहे, त्यात खरं तर काहीच नाही: गवत, वाळू, पुन्हा गवत. पण चेसने सगळ्यात जास्त कष्ट त्या ‘काहीच नाही’वर घेतलेत. त्याच्या या टेकड्यांच्या बहुतेक चित्रांत क्षितिज खाली, आभाळ ऐसपैस, एखादी वाळूची पायवाट आणि कुठेतरी लाल रंगाचा एक ठिपका, रिबिनीचा नाहीतर टोपीचा. नजर त्या ठिपक्यापाशी जाते आणि जाता जाता अख्खा माळ तुडवून येते. गाजलेल्या चित्रांत गोल्फचा चेंडू मात्र शोधून सापडत नाही. तेव्हा लाल कोट घालून गोल्फ खेळायची पद्धत होती. लाल ठिपक्याचा एवढा शौक असलेल्या माणसाला काही मैलांवर लाल कोटवाले हिंडत असताना त्यांचा मोह कसा झाला नाही, नवल आहे. कदाचित ते उन्हात स्थिर उभे राहत नसतील. मुलींना दटावता येतं.

अशी चित्रं पाहताना मला सातबारा आठवतो. माझ्या पिढीच्या मराठी माणसाला जमीन दिसली की सातबारा आठवतोच, त्याला इलाज नाही. सातबारा म्हणजे दोन नमुन्यांची जोडी हे वाचकांना सांगायला नको. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो आणि बारा तिच्यात काय पिकतं ते. निसर्गचित्रकार हा जगातला सर्वांत इमानदार बारा लिहिणारा तलाठी. आपले तलाठी बाराच्या रकान्यात सालोसाल तेच पीक उतरवताना मी पाहिलेत, कधीकधी बांधावर न जाताच. चेस रोज बांधावर होता. कोणतं झुडूप, किती उंच, ऑगस्टमध्ये गवताचा रंग कोणता, वाळू कुठे उघडी पडलीय, सावली दुपारी कुठवर येते, सगळ्याची नोंद. आणि जी जमीन सरकारी भाषेत पोटखराबा म्हणून एका आकड्यात संपते, तिच्यासाठी एवढी मेहनत.

पण सात? सातचा रकाना कोरा. चित्रात माणसं आहेत ती त्याची बायको आणि मुली. जमिनीचा मालक कोण, आधी कोण होता, गुरं चारायचा हक्क कोणाचा, ‘इतर अधिकार’ या छोट्या रकान्यात काय लिहायचं, याबद्दल चित्र चकार शब्द काढत नाही. आणि शिनकॉकचा खरा मजकूर होता तो त्या छोट्या रकान्यातच.

तो असा. १७०३ साली साउदॅम्प्टनच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिनकॉक लोकांची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली आणि तीच त्यांना हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत दिली. हजार वर्षं! पट्टा २७०३ साली संपायचा होता. आपल्याकडे नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यात तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यामुळे हजाराचा आकडा ऐकून मी तर निश्चिंत झालो असतो. पण १८५९ मध्ये, पट्ट्याची ८४४ वर्षं शिल्लक असताना, तो मोडला गेला. रेल्वे यायची होती आणि टेकड्या मोकळ्या हव्या होत्या. शिनकॉक लोकांनी टेकड्या सोडल्याचा अर्ज न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे गेला, मंजूर झाला, आणि त्यांच्याकडे खालचा सखल भाग, आठशेच्या आसपास एकर, राहिला. त्या अर्जावरच्या सह्या खोट्या होत्या असं शिनकॉक लोक तेव्हापासून सांगत आलेत. १८७० मध्ये गाडी आली. गाडीने पाहुणे आले, पाहुण्यांनी बंगले बांधले, आणि मग एका उन्हाळ्यात छत्र्या आणि झेंड्या एकदमच उगवल्या.

म्हणजे चेसच्या चित्रात जो माळ इतका मोकळा, इतका निवांत, कोणाचाच नसल्यासारखा दिसतो, तो मोकळा होऊन जेमतेम बत्तीस वर्षं झाली होती. चेसच्या वयाच्या माणसांना आपली गुरं तिथे चरलेली आठवत असणार. तीच माणसं किंवा त्यांची मुलं गोल्फच्या मैदानावर रोजंदारीने राबली. विली डन पुढे या क्लबवर आला. त्याने नंतर सांगितलेली आठवण अशी की माळावर मूळ रहिवाशांच्या थडग्यांचे उंचवटे होते आणि त्यांतले काही तसेच ठेवून हिरवळीपुढचे अडथळे म्हणून वापरले. गोल्फमध्ये अडथळा हवाच असतो, त्याशिवाय खेळात मजा नाही. पण कुणाच्या आजोबांनी अडथळा व्हायचं, हे आजोबांना विचारायची पद्धत त्या खेळात नसावी.

या काळात एक घटना मात्र मला मनापासून आवडते. १८९६ ची यूएस ओपन स्पर्धा शिनकॉकला होती, ओपनचं दुसरंच वर्ष. उतरणाऱ्यांत ऑस्कर बन हा शिनकॉक जमातीचा खेळाडू होता आणि जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय पोरगा, अजून विशीही न गाठलेला. त्याचे वडील शिनकॉक वस्तीत धर्मोपदेशक होते आणि पोरगं याच मैदानावर गोल्फ शिकलं. काही गोऱ्या खेळाडूंनी कुरकुर केली, हे दोघं खेळणार असतील तर आम्ही नाही. गोल्फ संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर साखरेचे बडे व्यापारी. त्यांनी कळवलं की दोघंच उरले तरी स्पर्धा होईल. कुरकुरणारे निमूट खेळले. शिपेनने पहिली फेरी ७८ फटक्यांत संपवून भल्याभल्यांना घाम फोडला. दुसऱ्या फेरीत तेराव्या होलपाशी चेंडू वाळूच्या रस्त्यात गेला आणि तो होल पुरा होईपर्यंत अकरा फटके झाले. वाळूचा तसा रस्ता चेसच्या चित्रांत तुम्हाला सापडेल, फार देखणा आहे. त्यावरून चेंडू मारायचा नसेल तर.

२००५ मध्ये शिनकॉक लोकांनी टेकड्यांवरच्या ३६०० एकरांसाठी दावा लावला. त्यात गोल्फ क्लबची जमीनही आली. २००६ मध्ये केंद्रीय न्यायालयाने दावा काढून टाकला, २०१५ मध्ये अपिलातही तेच झालं. कारण थोडक्यात असं की फार उशीर झाला, आता एवढ्या लोकांची घडी विस्कटता येणार नाही. हजार वर्षांच्या पट्ट्याची ८४४ वर्षं ज्यांची बुडाली, त्यांनाच उशीर केल्याबद्दल बोल. वकिली माझा प्रांत नाही, म्हणून इथे थांबतो.

इथवर वाचून तुम्ही गोल्फवाल्यांवर दात धरला असेल, तर जरा दम धरा. या गोष्टीला एक वळण आहे आणि ते मलाही पचवायला जड गेलं. चेसनंतर टेकड्यांवरच्या मेंढ्या गेल्या. मेंढ्या गेल्या की माळ माळ राहत नाही. हजामत थांबली की दाढी वाढणारच. सीडर, पाइन, रानटी चेरी यांनी डोकी वर काढली. मधून महामार्ग गेला. उरलेल्या जागेत घरं, घरांना कुंपणं, कुंपणांना वेली. आज चेसच्या घराच्या आसपास त्याच्या चित्रातलं क्षितिज शोधायला गेलात तर झाडं आणि छपरं आडवी येतात. आणि तो उघडा, वाऱ्याने विंचरलेला, गवताळ चढउतार जिथे अजून दिसतो, ती जागा कोणती? गोल्फचं मैदान. १९३१ मध्ये विल्यम फ्लिन यांनी ते नव्याने आखलं. मध्यंतरी तिथेही झाडं माजली होती. अलीकडच्या काळात क्लबने ती शेकड्यांनी तोडून काढली, खेळपट्ट्यांच्या कडेचं गवत गुडघ्यापर्यंत वाढू दिलं. सप्टेंबरात ते सोनेरी होतं तेव्हा नेमकं चेसच्या रंगपेटीतून आल्यासारखं दिसतं.

म्हणजे चित्राने जी नोंद ठेवली, तिची नक्कल आज गोल्फ क्लबच्या कुंपणाआड सांभाळली जाते. मूळ रहिवासी खालच्या सखल भागात गेले, मेंढ्या गेल्या, चित्रकार गेला, गवताचा उतार राहिला, आणि तो पाहायला क्लबचं सभासदत्व लागतं. ते मला मिळणार नाही, हे मी आत्ताच मान्य करून टाकतो. त्यामानाने संग्रहालयाचं तिकीट परवडतं.

किंवा टीव्ही. २०१८ ची यूएस ओपन शिनकॉकला झाली, तेव्हा मी रात्री जागून ती पाहिली. गोल्फ मला कळत नाही. बायकोला वाटलं, नवरा उतारवयात श्रीमंतांच्या नादी लागला. मी पाहत होतो टेकड्या. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा वर गेला की बेट, दोन्हीकडचं पाणी आणि मध्ये करडं-पिवळं गवत दिसायचं आणि मी पुढे सरसावून बसायचो. शनिवारी वारा सुटला आणि हिरवळी इतक्या वाळल्या की भले भले चेंडू भोकापाशी येऊन, नमस्कार करून, खाली घरंगळायला लागले. फिल मिकलसन हा खेळाडू, त्या दिवशी त्याचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस. तेराव्या होलपाशी त्याचा चेंडू असा घरंगळायला लागला तेव्हा तो धावत त्याच्यामागे गेला आणि चालत्या चेंडूलाच फटका मारून मोकळा झाला. दोन फटक्यांचा दंड. समालोचकांनी मैदान-कर्मचाऱ्यांना दोष दिला, खेळाडूला दोष दिला. वाळूला कुणीच विचारलं नाही. १८९६ मधला तेरावा होल वेगळा, हा वेगळा, मैदान पार बदललेलं. तरी शिपेनची आठवण झालीच.

चित्र आणि गोल्फ यांचा संबंध नेहमी असा आधी-नंतरचा नसतो, हेही सांगून टाकतो. सतराव्या शतकात हॉलंडचा हेंड्रिक आव्हरकाम्प गोठलेल्या कालव्यांवर काठी-चेंडूचा कोल्फ नावाचा खेळ खेळणारी माणसं रंगवत होता. तिथे जमिनीच्या मालकीचा प्रश्नच नव्हता, वसंत ऋतू आला की मैदान वितळायचं. १७४६ मध्ये पॉल सँडबी याने एडिनबरोच्या ब्रन्ट्सफील्ड माळाचं जलरंगातलं दृश्य काढलं, त्यात गोल्फ खेळणारी मंडळी आहेत. सँडबी पुढे स्कॉटलंडच्या लष्करी मोजणीवर नकाशे काढायला होता, म्हणजे अर्धा चित्रकार आणि अर्धा भूमापक. तो माळ आजही सार्वजनिक आहे आणि तिथे कोणीही येऊन चेंडू मारू शकतो. सगळीकडे असं झालं असतं तर मला लिहायला विषय उरला नसता.

आपल्याकडेही असा एक तुकडा आहे, ऐन मुंबईत. आणि त्याची नोंद करणारा चित्रकार होता स्कॉटलंडचा, गोल्फच्या माहेरचा. जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला. मराठी वाचकाला तो वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतो. पुण्याला जाऊन त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली आणि गंगाराम तांबट हा चित्रकार त्याच्या हाताखाली तयार झाला. पण पुण्याआधी त्याने मुंबई बेटाची बारा दृश्यं टिपली होती. ती छापून निघाली १८०० साली, म्हणजे वेल्सच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. त्यांत एक दृश्य आहे लव्ह ग्रोव्हवरून दिसणाऱ्या ‘ब्रीच’चं. ब्रीच म्हणजे महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार, जिथून भरतीचं पाणी बेटाच्या पोटात शिरायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा वरळीचा बांध तेव्हा नुकताच झाला होता. बांधकामाच्या वेळी रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या तेव्हा बांध टिकला आणि त्यातूनच महालक्ष्मीचं मंदिर उभं राहिलं, ही आख्यायिका मुंबईकर आजही सांगतात.

वेल्सने लव्ह ग्रोव्ह हे नाव वापरलं तेव्हा ती जागा खरोखर राई असावी. आज त्या नावाचं पंपिंग स्टेशन आहे आणि मुंबईकर तिथून जाताना प्रेमाचा विचार न करता गाडीची काच वर करतो. बांधाच्या आतली सखल, दलदलीची जमीन पुढे बराच काळ भरत राहिली, इंग्रज तिला ‘फ्लॅट्स’ म्हणत. १८८३ मध्ये तिथे महालक्ष्मीचं रेसकोर्स आलं. १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी हिंदी आणि युरोपियन दोघांनाही प्रवेश असलेला क्लब काढला, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब. त्याचं गोल्फचं मैदान आज हाजीअलीजवळ, चहूकडून उंच इमारतींनी घेरलेलं, पसरलंय. जिथे भरतीचं पाणी पसरायचं तिथे आता हिरवळीवर पाणी मारतात. पावसाळ्यात जोराची सर आणि भरती एकदम आली की हाजीअलीला गुडघाभर पाणी साचतं आणि टॅक्सीवाले महापालिकेला शिव्या देतात. वेल्सचं दृश्य एखाद्या टॅक्सीत लावायला हवं.

वेल्सची एक गोष्ट मला चेसपेक्षा जास्त आवडते. त्याच्या दृश्यांच्या नावातच पत्ता असतो: अमुक टेकडीवरून, तमुक राईतून. कुठे उभा होतो ते तो सांगून ठेवतो. त्यामुळे सव्वादोनशे वर्षांनीही हातात चित्र घेऊन, ट्रॅफिक सांभाळत, आपण त्याच दिशेला तोंड करून उभं राहू शकतो. चेसची पंचाईत इथे होते. त्याच्या कितीतरी चित्रांचं नाव नुसतं ‘शिनकॉक हिल्स’, नाहीतर ‘शिनकॉकचं निसर्गदृश्य’. सालही बऱ्याचदा ‘सुमारे’. गवताचं पातं सांगता येतं, टेकडी कुठली ते सांगता येत नाही. आज त्या जागेवर कुणाचा बंगला आहे की महामार्ग की सातवा होल, याचा पत्ता लागत नाही तो चित्रकाराने एक ओळ लिहिण्याचा आळस केला म्हणून.

म्हणून एक विनंती. आपल्यातल्या अनेक घरांत असं एखादं जलरंगातलं चित्र असतं. जे.जे.मध्ये शिकलेल्या काकांनी काढलेलं, नाहीतर ड्रॉइंग मास्तर असलेल्या आजोबांनी सुटीत गावाबाहेर बसून केलेलं. एक माळ, एक बाभूळ, लांब डोंगराची रेघ. त्या माळावर आज टाउनशिप असेल, नाहीतर कंपाउंड घातलेला प्लॉट. चित्र भिंतीवरून उतरवा. घरात ज्या कुणाला अजून आठवतं, त्याला विचारा, आणि मागच्या बाजूला गाव, तालुका, साल आणि जमला तर गट नंबर लिहा. मालक कोण होता ते लिहा आणि तिथे गुरं कोणाची चरायची तेही. पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.